मुलांना घेऊन लांबचा प्रवास: आधी घड्याळ, मग बॅग

लहान मुलाला घेऊन लांब जायचं ठरलं की घरात पहिली यादी होते ती सामानाची. कपडे किती, डायपर किती, कोणतं खेळणं न्यायचं. यादी हवीच, पण एखादा टॉवेल विसरला म्हणून प्रवास सहसा बिघडत नाही. तो बिघडतो कारण विमान खाली उतरू लागलं तेव्हा बाळ गाढ झोपेत होतं; घाट लागला तेव्हा पोरगं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलं होतं; झोपेची वेळ टळून दीड तास झाला आणि सगळे अजून रांगेतच. मूल किरकिरतं तेव्हा कान, पोट, झोप किंवा उकाडा यांपैकी कशाची तरी तक्रार चालू असते, आणि यांतली जवळजवळ प्रत्येक तक्रार कधी येणार ते आधी कागदावर लिहून ठेवता येतं.

कागद असा करा. मधे एक उभी रेघ मारा. डावीकडे प्रवासाचे तास लिहा: घरून निघणं, रांगा, चढणं, घाटाचा टप्पा, विमान उतरायला लागण्याची वेळ, मुक्कामी पोहोचणं. उजवीकडे मुलाचा नेहमीचा दिवस: उठणं, दूध, जेवण, दुपारची झोप, शी-शूच्या ठरलेल्या वेळा, रात्रीची झोप. मग जिथे दोन्ही बाजू एकमेकींवर आदळतात तिथे लाल खूण करा. दहा तासांच्या प्रवासात अशा खुणा फार तर चार-पाच निघतात. तयारी त्या चार-पाच जागांची करायची, बाकीचा वेळ आपोआप निघतो.

झोपेचा हिशेब मांडताना वयाप्रमाणे गरज ध्यानात घ्या. दिवसाची झोप धरून १ ते २ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. आदल्या रात्री आवराआवरीत मुलंही जागी राहतात आणि दुसऱ्या दिवशी "गाडीत झोपेल की" असं आपण म्हणतो. दमलेलं मूल लवकर झोपत नाही, ते जास्त पिसाळतं. बॅगा दोन दिवस आधी भरून दारात ठेवा आणि आदल्या रात्री मुलाला नेहमीच्या वेळेला झोपवा.

रस्त्याने जाणार असाल तर नकाशावर दिसणारे ५ तास हे साडेसहा धरा. दर २ तासांनी १५-२० मिनिटांचा थांबा, एक जेवण आणि एक अचानक आलेली शू एवढं त्यात बसतं. रात्री निघालं की मुलं झोपतात हे खरं, पण पहाटे २ ते ६ या वेळात चालवणाऱ्याच्याही डोळ्यांवर सगळ्यात जास्त झापड येते. गाडी चालवणारे दोघे नसतील तर हा मार्ग घेऊ नये. त्यापेक्षा दुपारच्या झोपेच्या अर्धा तास आधी निघा: पहिला अर्धा तास खिडकीबाहेर बघण्यात जातो आणि मग झोपेचे दीड-दोन तास रस्ता पुढे सरकतो.

सीट आणि पट्टा

मांडीवर घट्ट धरलेलं मूल सुरक्षित नसतं. गाडी ताशी ५० किलोमीटरने आदळली तर कोणाच्याही हातांची पकड टिकत नाही. मुलाच्या उंची-वजनाची कार-सीट हवी, आणि ती मागच्या बाकावर.

तान्ह्या बाळाची आणि लहान मुलाची सीट गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान अजून पक्की झालेली नसते. समोरून धक्का बसला तर उलट्या सीटची पाठ तो धक्का डोकं, मान आणि पाठ यांवर एकसारखा झेलते. सुलट सीटमध्ये पट्टा धड धरून ठेवतो आणि डोकं पुढे फेकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत उलटी बैठक सक्तीची आहे. सीटवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा येईपर्यंत ती तशीच ठेवावी. पाय दुमडलेले दिसतात म्हणून घाईने सीट फिरवणारे पुष्कळ आहेत. मुलाला त्या दुमडलेल्या पायांचं काही वाटत नाही. समोरच्या बाकावर, चालू एअरबॅगपुढे उलटी सीट कधीही ठेवू नका. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

बसवल्यावर दोन तपासण्या करा. पहिली, सीट जिथे पट्ट्याने किंवा आयसोफिक्सने (गाडीच्या बाकातल्या पक्क्या कड्यांनी) गाडीला अडकवली आहे तिथे धरून डावी-उजवीकडे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती ढिली आहे. दुसरी, मुलाला बसवून पट्टे ओढल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर अजून ओढा. बोटं घसरली तर बरोबर. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघावेत, सुलट सीटमध्ये खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका. धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा एकदम सैल होतो. जॅकेट काढा, पट्टा लावा, मग वरून पांघरूण घाला.

मोठ्या मुलाचा बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, कधी काढायचा, हे वाढदिवसावरून ठरवू नका. पाठ बाकाला टेकलेली, गुडघे बाकाच्या कडेवर वाकलेले, पावलं खाली टेकलेली, कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर आणि खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता छातीच्या मधोमध. हे सगळं जमलं आणि संपूर्ण प्रवासभर तसंच राहिलं, तर बूस्टर सुटला. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीच्या आसपास हे जमतं. भाड्याने किंवा कोणाकडून घेतलेली सीट असेल तर तिच्यावरची उत्पादनाची तारीख आणि मुदत बघा. अपघातातून गेलेली सीट वरून कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका.

गाडी लागते तेव्हा

२ वर्षांखालच्या बाळांना गाडी क्वचितच लागते. त्यानंतर त्रास वाढत जातो, शाळकरी वयात तो सगळ्यात जास्त असतो आणि पुढे हळूहळू कमी होतो. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते, "आपण वळतोय, थांबतोय, उसळतोय." डोळे मात्र समोरच्या बाकाची पाठ किंवा पुस्तकाचं पान बघत असतात आणि सांगतात, "सगळं स्थिर आहे." दोन्ही निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. लहान मुलांची बैठक खाली असल्याने त्यांना मुळात बाहेरचं दिसतच नाही. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी दिसतं आणि शरीर तयार असतं.

म्हणजे इलाज डोळ्यांपासून सुरू होतो. सुलट बसणाऱ्या मुलाला शक्य असेल तर मागच्या बाकाच्या मधल्या जागेवर बसवा, म्हणजे समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल. मधल्या जागेला योग्य पट्टा किंवा अडकवण्याची सोय असेल तरच. पुस्तक, रंगवायची वही, मोबाइल बंद. बाजूच्या काचेतून जवळची झाडं मोजायला लावू नका, ती भराभर मागे पळतात आणि त्रास वाढतो. खेळ हवा तर दूरचा: लांबचा मनोरा कोणाला आधी दिसतो, समोरच्या डोंगरावर ढगाची सावली कुठवर आली. गोष्टी, गाणी, कोडी हे सगळं कानाचं काम, ते चालतं.

पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. निघण्याआधी तासभर हलकं, कोरडं, कमी तेलाचं खाणं; वाटेत थोडं-थोडं आणि पाणी घोट-घोट. एका दमात पेलाभर दूध पाजून घाट चढायला निघणं म्हणजे उलटीला आमंत्रणच. काच थोडी खाली करा किंवा वाऱ्याचा झोत मुलाच्या तोंडावर येईल असा वळवा. सुगंधी फवारा, उग्र अत्तर, गाडीत उघडलेला खमंग डबा हे सगळं टाळा.

चालवणाऱ्याने एक करावं: वळणाच्या आधी वेग कमी करून वळणात तो एकसारखा ठेवावा. ब्रेक-ॲक्सिलरेटरची झटापट वळणांपेक्षा जास्त त्रास देते.

उलटी अचानक आली असं वाटतं, पण तिच्याआधी दहा-पंधरा मिनिटं खुणा दिसत असतात. बडबडं मूल गप्प होतं. जांभया सुरू होतात. ओठांभोवती रंग उतरतो, कपाळ गार आणि ओलं लागतं, तोंडाला पाणी सुटून ते पुन्हा पुन्हा गिळतं. "काय होतंय?" असं विचारत बसू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा, खाली उतरवा, ५-१० मिनिटं मोकळ्या हवेत उभं करा. पाचेक वर्षांखालचं मूल "मळमळतंय" असं म्हणत नाही. "पोटात दुखतंय", "घरी चल" किंवा नुसतं रडणं हाच त्याचा निरोप.

औषध द्यायचं असेल तर निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर ते फारसं उपयोगी पडत नाही, आणि पडलंच उलटून तर किती पोटात राहिलं ते कळत नाही. डायमेनहायड्रिनेटसारखी औषधं २ वर्षांखाली देत नाहीत. त्यावरच्या मुलाला मात्रा डॉक्टरांनी वजनावरून ठरवून द्यावी. या औषधांनी बहुतेक मुलं पेंगतात, काही मात्र उलट चेकाळतात. आपलं मूल कोणत्या गटातलं, हे विमानात बसल्यावर कळण्यात मजा नाही. डॉक्टरांना विचारून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच एकदा देऊन बघा. मोठ्यांची कानामागे चिकटवायची पट्टी मुलांना लावू नका.

आणि उलटी झालीच तर. छोट्या पिशव्या, ओल्या पुसण्या आणि एक जुना टॉवेल समोरच्या बाकामागच्या खिशात, हात घातला की मिळेल असे ठेवा. टॉवेल आधी पट्टा लावून मग मुलाच्या मांडीवर आणि छातीवर पसरायचा. सीट आणि मूल यांच्यामध्ये जाड काही घालायचं नाही, त्याने पट्टा ढिला पडतो. सीटचं कापड काढून धुता येतं, पट्टे मात्र भिजत घालू नका आणि त्यांना कडक साबण लावू नका. ओल्या फडक्याने सौम्य साबण लावून पुसा आणि सावलीत वाळवा. भिजवण्याने आणि रसायनांनी धाग्याची ताकद कमी होऊ शकते. बकलमध्ये घाण गेली तर कोमट पाण्याने धुवा, तेल घालू नका. वाळल्यावर "खट्ट" आवाज येतो ना, ते बघा.

विमान आणि कान

विमान १०-१२ किलोमीटर उंचीवर उडतं, पण आतली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवलेली असते. वर जाताना कानाच्या पडद्यामागची हवा फुगते आणि कान व घसा जोडणाऱ्या बारीक नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना उलट होतं: बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो आणि ती नळी आपण गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय उघडत नाही. लहान मुलांची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून दडे त्यांना जास्त बसतात. झोपेत गिळणं कमी होतं. उतरताना गाढ झोपलेलं बाळ एकदम किंचाळून उठतं ते यामुळे.

उतरणं सुरू होतं ते जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधी. पट्टे बांधायची घोषणा बऱ्याचदा त्यानंतर होते, म्हणून घोषणेची वाट बघू नका. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात उंचीचा आकडा घसरू लागला की कामाला लागा. बाळाला हलकेच उठवा, डोकं वर राहील असं धरा आणि अंगावर किंवा बाटलीने पाजा. अख्खी बाटली पाच मिनिटांत संपवून उपयोग नाही. थोडं पाजा, थांबा, पुन्हा पाजा, अर्धा तास पुरवा. चोखणीची सवय असेल तर तीही चालते. १ ते ३ वर्षांच्या मुलाला नळीच्या पेल्यातून पाणी. ४ वर्षांखाली गोल, कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. मोठ्या मुलाला नाक चिमटीत धरून घोट गिळायला शिकवा. तोंड मिटून, नाक धरून अगदी हलकी फुंकर मारली तरी कान मोकळे होतात. फुंकर हलकी हवी, गाल लाल होईस्तोवर नको. हे घरीच खेळ म्हणून आधी शिकवून ठेवा.

एवढं करूनही बाळ रडलंच, तर रडण्यानेही ती नळी उघडते. शेजारचे बघत असले तरी त्यात बाळाचं भलंच आहे.

सर्दी असेल तर विमान उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. कान फुटलेला असेल, कानात जंतुसंसर्ग चालू असेल किंवा नुकतीच कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. उतरल्यावर दिवसभरानेही दुखत असेल किंवा कानातून पाणी आलं, तर दाखवून घ्या.

पोट बिघडलं, ताप आला

ओआरएसची पाकिटं सोबत असावीतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं पाकीट बरोबर १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायचं. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट हा अंदाजाचा खेळ धोक्याचा आहे: घट्ट झालं तर जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं, पातळ झालं तर उपयोग होत नाही. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन्ही चोवीस तासांनी टाकून द्या. शीतपेय किंवा डबाबंद रस त्याच्या जागी देऊ नका. त्यातल्या जास्त साखरेने आतड्यात आणखी पाणी ओढलं जातं.

द्यायचं किती? प्रत्येक पातळ शीनंतर २ वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांत १०० ते २०० मिलिलिटर. उलट्या होत असतील तर १० मिनिटं थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. तहानेने मूल पेलाच मागतं, तो दिलात तर सगळं परत बाहेर. चमचा धरून तासभर बसणं कंटाळवाणं असतं, पण पोटात राहतं ते तसंच. ६ महिन्यांखालच्या बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. सहा तासांत शू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा शीतून रक्त आलं, तर प्रवास थांबवून दवाखाना.

पॅरासिटामोलची सगळ्यात मोठी चूक मिलिलिटरमध्ये होते. मात्रा वजनावर ठरते, एका वेळेला किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. बाटलीवर "५ मिलिलिटरमध्ये १२०" असेल तर ते ७.५ मिलिलिटर होतात. "५ मिलिलिटरमध्ये २५०" असेल तर ३.६. बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकतात, तिथे १.८ मिलिलिटर पुरतात. तेच ७.५ मिलिलिटर कोणी थेंबांच्या बाटलीतून काढलं, तर मात्रा चौपटीच्या वर गेली. परगावी नवी बाटली घ्यावी लागली की नेमकं हेच घडतं. म्हणून निघण्याआधी मुलाचं वजन करा, मात्रा मिलिग्रॅममध्ये कागदावर लिहा आणि मोजायची सिरिंज सोबत ठेवा. घरातला चमचा माप नव्हे. दोन मात्रांत किमान ४ ते ६ तास अंतर, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही, आणि दिल्याची वेळ त्याच कागदावर, नाहीतर आईनेही दिलं आणि बाबांनीही. ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर घरगुती प्रयोग न करता लगेच डॉक्टर. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

उभी गाडी

झोपलेल्या मुलाला "दोनच मिनिटं" गाडीत ठेवू नका. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४३ आणि अर्ध्या तासात ५१ अंशांच्या आसपास तापमान जातं. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तिपटीहून जास्त वेगाने तापतं. अशा घटना बहुतेक वेळा निष्काळजी माणसांकडून होतात हा गैरसमज आहे. रोजचा क्रम मोडला की थकलेला माणूस विसरतो. पाकीट, फोन किंवा डावा बूट मागच्या बाकाखाली टाका. बुटाशिवाय कोणी फार लांब जात नाही.

हाताशी ठेवायची पिशवी

डायपर, दोन पुसण्या आणि एक कपड्यांचा जोड असं एकेक पुडकं झाकबंद पिशवीत बांधा. अंधारात, एका हाताने, एकच पुडकं बाहेर ओढता आलं पाहिजे. दर दोन तासांना एक डायपर आणि वर तीन-चार. आपला एक शर्टही त्यात टाका. उलटी मुलाच्या कपड्यांवर जेवढी होते तेवढीच धरणाऱ्याच्या अंगावरही होते. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २००६ पासून हातातल्या बॅगेतल्या पातळ पदार्थांना बऱ्याच ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा आली, बाळाचं दूध आणि औषधं यांना तीतून सहसा सूट असते. ती वेगळी काढून स्वतःहून दाखवा.

गर्दीच्या जागी शिरण्याआधी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. मनगटाच्या आतल्या बाजूला फोन नंबर पेनने लिहा. नाव दिसेल असं कपड्यांवर लिहू नका. नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. मुलाला एकच गोष्ट पाठ करून द्या: चुकलास तर आहेस तिथेच उभा राहा आणि मोठ्याने आमची नावं घेऊन हाका मार, "आई" म्हणून नको, तशा आया शंभर असतात. आपण शोधायला लागलो तर पहिल्यांदा पाण्याकडे बघा, मग रस्त्याकडे, मग खेळण्यांकडे.

दुसऱ्या देशाचं घड्याळ

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. सहा तासांचा फरक म्हणजे जवळपास सहा दिवस. पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं, कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि त्याला लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सोपं वाटतं. पूर्वेला जाणार असाल तर तीन-चार दिवस आधीपासून झोपेची वेळ रोज १५-३० मिनिटं अलीकडे आणा, पश्चिमेला असाल तर पलीकडे न्या. पोहोचल्यावर जेवणं तिथल्या घड्याळाने आणि दिवसा उजेडात भरपूर भटकणं. दुपारची झोप दोन तासांत मोडा. मूल रात्री दोनला टक्क जागं होऊन बसेल. पोट अजून जुन्या वेळेवर असतं, भूक खरी असते. मिणमिणत्या उजेडात थोडं खायला द्या, कुजबुजत बोला, मोबाइल-टीव्ही लावू नका. दोन-तीन दिवसांचीच फेरी असेल तर या भानगडीत पडू नका, मुलाला घरच्याच वेळेवर ठेवा.

"अजून किती वेळ?"

सहा वर्षांखालच्या मुलाला "पावणेतीन तास" या शब्दांचा काही अर्थ नसतो. पुढच्या बाकामागे एक दोरी बांधा, तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, अर्ध्या तासाला एक. अर्धा तास झाला की मुलाने एक चिमटा काढून डब्यात टाकायचा. प्रश्न बंद होत नाही, पण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर लटकलेलं राहतं.

बाकीचे प्रश्न मात्र चांगले असतात, आणि प्रवासात त्यांची उत्तरं हाताने दाखवता येतात. कान का दुखतात ते असं: विमान वर असताना प्लॅस्टिकची रिकामी बाटली घट्ट बंद करून मुलाच्या हातात द्या. खाली उतरता उतरता ती चेपत जाते, कारण बाहेरची हवा वाढली आणि आतली तेवढीच राहिली. केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असेल, तर लिटरभर हवा खाली येईपर्यंत पाऊण लिटरच्या जागेत मावते. आता झाकण उघडा: "फुस्स". गिळल्यावर कानात हेच होतं. हे एकदा बघितलेलं मूल पुढच्या वेळी उतरताना स्वतःहून पाणी मागतं.

खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला बारीक भोक असतं, ते मुलांना आपल्या आधी दिसतं. काचा तीन असतात. भोक मधल्या काचेला असतं, त्यामुळे आतला दाब थेट बाहेरच्या काचेवर जातो आणि मधली काच राखीव राहते. शिवाय काचांमधली ओल निघून जाते आणि बाहेरचं दिसत राहतं. रात्री उतरताना दिवे मंद का करतात? काही गडबड झाली तर डोळे आधीच अंधाराला सरावलेले असावेत म्हणून. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला लावा, तीनाने भागा, तेवढ्या किलोमीटरवर ती पडली.

आणि रात्रीच्या रस्त्यावर हमखास येणारा: चंद्र आपल्याबरोबर का येतो? दिवसा थांब्यावर मुलाला अंगठा डोळ्यांसमोर धरायला सांगा आणि दोन पावलं बाजूला सरकवा. अंगठ्यामागचं जवळचं झाड झटकन सरकतं, लांबचा मनोरा थोडासाच, डोंगर जवळजवळ हलतच नाही. चंद्र सुमारे ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. आपण रात्रभर गाडी चालवली तरी त्याच्या मानाने ती दोन पावलंही होत नाहीत, म्हणून तो खिडकीतच राहतो आणि झाडं मागे पळतात.